गरम पाण्याच्या टबासह ग्लॅम्पिंग: ब्रिटनमधील पहिल्या मुक्कामाची तयारी

वेल्समधल्या एखाद्या शेताच्या कडेला उभी असलेली लाकडी झोपडी, तिच्या ओट्यावर वाफाळणारा टब आणि समोर उतरत गेलेली हिरवी दरी, असे छायाचित्र पाहिले की लगेच आरक्षण करून टाकावे असे कोणालाही वाटते. तंबू ठोकण्याची आणि जमिनीवर झोपण्याची यातायात वगळून निसर्गात राहण्याची ही सोय, म्हणजेच ग्लॅम्पिंग, चांगली आहे, आणि लहान मुले किंवा भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर विशेषच चांगली. मात्र अशी जागा निवडताना पाण्याची चौकशी आधी आणि सजावटीची नंतर करावी, असे माझे ठाम मत आहे. उशा किती मऊ आहेत किंवा दिव्यांच्या माळा किती लावल्या आहेत, यात थोडे उणे-अधिक चालते. परंतु टब वेळेवर तापला नाही किंवा त्यातले पाणी स्वच्छ नसले, तर ज्यासाठी गेलो तेच हुकते आणि प्रसंगी आजारपणही पदरात पडते. पुढील मार्गदर्शन ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि प्रथमच असा बेत आखणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

हंगाम आणि प्रदेश ठरवणे

बाहेरच्या गरम टबाची मजा थंडीत अधिक, हे बहुतेकांना पहिल्या मुक्कामानंतरच कळते. लंडनमध्ये जूनच्या मध्यावर सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि उत्तर स्कॉटलंडमध्ये त्या दिवसांत आकाश पूर्ण काळोखे होतच नाही. त्यामुळे टबात बसून तारे पाहण्याची इच्छा असेल, तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, म्हणजे मुलांच्या झोपेच्या वेळेआधीच आकाश ताऱ्यांनी भरलेले असते. डिसेंबरच्या मध्यास मिथुन राशीच्या दिशेकडून येणारा जेमिनिड उल्कावर्षाव या दृष्टीने अगदी सोयीचा पडतो.

काळोख्या आकाशासाठी काही प्रदेशांना आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील गॅलोवे वनक्षेत्राला ती 2009 मध्ये, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील एक्समूरला 2011 मध्ये आणि नॉर्थंबरलँडला 2013 मध्ये मिळाली. वेल्समधील एरीरी, म्हणजे पूर्वीपासून स्नोडोनिया या नावाने ओळखला जाणारा डोंगराळ मुलूख, आणि बॅनाय ब्रेखेनियॉग, म्हणजे पूर्वीचे ब्रेकन बीकन्स, हेही या यादीत आहेत. बर्मिंगहॅम किंवा लेस्टरकडून निघणाऱ्यांना वेल्सची सीमा, श्रॉपशायरच्या टेकड्या आणि पीक डिस्ट्रिक्ट जवळ पडतात. स्कॉटिश हायलँड्सला उन्हाळ्यात जायचे असल्यास मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचा विचार करावा, कारण मे ते सप्टेंबर या काळात वारा पडलेल्या संध्याकाळी त्या थव्याने येतात आणि पाण्याबाहेर राहिलेले डोके व खांदे त्यांना आयतेच सापडतात.

कापडी तंबूंच्या जागा बहुधा एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच चालू असतात आणि जोरदार वाऱ्याचा इशारा आला की मालक आरक्षण पुढे ढकलू शकतात. हिवाळ्यासाठी शेफर्ड्स हट, म्हणजे चाकांवरची छोटी पत्र्याची किंवा लाकडाची खोली, अथवा पॉड, म्हणजे छोटी लाकडी खोली, घ्यावा. शेफर्ड्स हट दोघांपुरती असते. चार-सहा जणांच्या कुटुंबाला उन्हाळ्यात सफारी तंबू आणि हिवाळ्यात मोठी लाकडी केबिन सोयीची ठरते. शाळांच्या सुट्ट्यांत दर चढतात. ज्यांना मुलांच्या शाळेचे बंधन नाही, त्यांनी सोमवार ते शुक्रवार असा मुक्काम घ्यावा, कारण तीच जागा शनिवार-रविवारपेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि आजूबाजूला शांतताही असते.

टब कोणत्या प्रकारचा आहे, हे समजून घेणे

जाहिरातीत नुसते 'हॉट टब' लिहिलेले असते, पण त्याचे मुख्य प्रकार दोन: विजेवर तापणारा आणि लाकडावर तापणारा. दोन्हींची शिस्त वेगळी आहे. विजेच्या टबाला गाळणी, पंप आणि पाण्याचे फवारे असतात. तो एका ठरावीक तापमानाला सतत तापलेला ठेवला जातो आणि पाहुण्याने केवळ झाकण उघडायचे असते. लाकडाच्या टबाला चूल असते, ती स्वतः पेटवावी लागते, आणि बऱ्याच टबांना गाळणी नसते.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. मध्यम आकाराच्या टबात सुमारे 1,200 लिटर पाणी मावते. नळाचे 10 अंशांचे पाणी 38 अंशांपर्यंत नेण्यासाठी जवळपास 39 युनिट ऊर्जा लागते. साध्या प्लगवर चालणारा विजेचा टब जास्तीत जास्त 3 किलोवॅट ओढू शकतो, म्हणजे उष्णता अजिबात वाया गेली नाही असे धरले तरी पाणी तापायला 13 तास हवेत, आणि हीटर 2 किलोवॅटचा असेल तर सुमारे 20 तास. दोन पाहुण्यांच्या मध्ये टब रिकामा करून धुतला आणि पुन्हा भरला, तर शुक्रवारी दुपारी चार वाजता पोहोचलेल्या कुटुंबाला त्या रात्री कोमट पाणीच मिळण्याची शक्यता आहे. दोनच रात्रींच्या मुक्कामात त्यातली एक अशी गेली, तर पैशांचा मोबदला निम्मा झाला. याउलट लाकडाची दमदार चूल 20 ते 25 किलोवॅट उष्णता देते, त्यामुळे तेच काम दोन ते चार तासांत होते. मात्र ते दोन ते चार तास कोणीतरी चुलीपाशी लक्ष ठेवावे लागते.

माझ्या मते दोन रात्रींसाठी लाकडाचा टब आणि चार-पाच रात्रींसाठी विजेचा टब घ्यावा. लहान मुले असल्यास विजेचा टब बरा, कारण त्याचे तापमान नेमके राखता येते आणि गरम चूल-धुरांडे जवळ नसते. हवा भरून फुगवण्याचे टबही काही ठिकाणी दिलेले असतात. ते हिवाळ्यात उष्णता लवकर गमावतात, म्हणून थंडीच्या दिवसांत ते टाळावेत.

आरक्षणापूर्वी मालकाला विचारायचे प्रश्न

संदेशातून पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि उत्तर लेखी ठेवावे. प्रत्येक पाहुण्यानंतर टब पूर्ण रिकामा करून, धुऊन, निर्जंतुक करून भरला जातो का? पोहोचण्याच्या वेळी पाणी किती तापलेले असेल? पाण्यातील क्लोरिन रोज कोण तपासतो आणि किती वेळा? सरपण किती दिले जाते आणि जास्त लागल्यास काय दराने मिळते? टब फक्त आपल्यासाठी आहे की शेजारच्या तंबूशी सामाईक आहे?

ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने 2017 मध्ये अशा टबांच्या स्वच्छतेविषयी सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले असून, भाड्याने दिलेल्या सुट्टीच्या घरांतील टबांचाही त्यात विचार केलेला आहे. त्यामागचे कारण गंभीर आहे. लीजनेला नावाचे जंतू 20 ते 45 अंशांच्या पाण्यात वाढतात आणि गरम टब नेमका याच तापमानात असतो; फवाऱ्यांमुळे उडणारे सूक्ष्म तुषार श्वासातून फुफ्फुसात गेल्यास त्यातून घातक न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून मालकाचा माणूस सकाळ-संध्याकाळ येऊन पाणी तपासून जाणार असेल, तर त्याला आपल्या एकांतात आलेला व्यत्यय समजू नये. ती चांगल्या व्यवस्थेची खूण आहे. 'पाणी आठवड्यातून एकदा बदलतो, काळजी नको' असे उत्तर एका पाठोपाठ एक दोन-दोन रात्रींचे पाहुणे घेणाऱ्या जागेकडून आले, तर दुसरी जागा पाहावी.

याखेरीज रस्ता कसा आहे, हेही विचारून घ्यावे. ग्रामीण भागातला एक पोस्टकोड मोठ्या परिसराचा असतो आणि दिशादर्शक आपल्याला भलत्याच शेताच्या फाटकाशी नेऊन सोडतो. त्यामुळे मालकाकडून नेमके स्थान आणि रस्त्याचे लेखी वर्णन घ्यावे, ते फोनमध्ये साठवून ठेवावे, आणि पहिल्यांदा जाताना उजेडात पोहोचावे.

सामान

चादरी आणि टॉवेल बहुधा मिळतात, पण टबासाठी वेगळे टॉवेल आणि अंगावर घालायचा झगा मिळेलच असे नाही, म्हणून दोन्ही बरोबर घ्यावे. घसरणार नाहीत अशा रबरी चपला, डोक्याला बांधायची विजेरी, लोकरीची टोपी, पावसाळी जाकीट, चिखलासाठी गमबूट आणि ओले कपडे ठेवायला जाड पिशव्या हव्यातच. टोपीला कमी लेखू नये: हिवाळ्यात शरीर 38 अंशांच्या पाण्यात आणि कान शून्याच्या आसपासच्या वाऱ्यात अशी स्थिती असते.

पोहण्याचे कपडे घरी साबणाशिवाय नुसत्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून आणावेत, कारण कापडात उरलेल्या धुण्याच्या पावडरीमुळेही टबात फेस येतो. चांदीची जोडवी आणि पैंजण घरीच ठेवलेले बरे. क्लोरिनच्या पाण्यात चांदी काळवंडते, आणि बारीक मणी ओवलेले मंगळसूत्र फवाऱ्याच्या जाळीत अडकण्याचा धोका असतो.

स्वयंपाकाला बहुतेक ठिकाणी दोन शेगड्या आणि छोटा फ्रीज एवढेच असते. पहिल्या रात्रीचे जेवण शिजवूनच न्यावे, म्हणजे पोहोचल्याबरोबर सगळा वेळ टबाच्या तयारीला देता येतो. पिठले-भाकरीसाठी लागणारी पिठे, पोहे, फोडणीचे साहित्य आणि ठेचा डब्यांत भरून नेला की दुकान दहा मैलांवर असले तरी अडत नाही. चहासाठी मोठा थर्मास आणि स्टीलचे पेले घ्यावेत. टबापाशी काचेची भांडी नेऊ नयेत, कारण अनवाणी पाय आणि फुटलेली काच ही जोडी फार वाईट. काही जागांना झऱ्याचे किंवा विहिरीचे पाणी असते, ते पिण्यायोग्य आहे का हे तेथील सूचनेवरून पाहावे.

पोहोचल्यावर पाणी तपासणे

सामान आत नेण्याआधी टबाचे झाकण उघडावे. पाणी इतके स्वच्छ हवे की तळ आणि तळाची जाळी स्पष्ट दिसावी. पाण्याच्या रेषेखाली टबाच्या भिंतीवर बोट फिरवावे. बुळबुळीत लागले तर जंतूंचा थर साठला आहे असे समजावे. वासही महत्त्वाचा आहे. नाकात जाणारा उग्र दर्प म्हणजे क्लोरिन भरपूर आहे असा समज असतो, पण तो दर्प बहुधा घाम आणि तेलाशी संयोग होऊन निकामी झालेल्या क्लोरिनचा असतो, म्हणजे पाणी अस्वच्छ असल्याचे ते लक्षण आहे.

तपासणीच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात आणि एक डबी बरोबर असणे फार सोयीचे. पट्टी पाण्यात बुडवून डबीवरील रंगांशी ताडून पाहावी: मोकळे क्लोरिन दर लिटरला 3 ते 5 मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा दाखवणारा आकडा, 7.0 ते 7.6 यांच्या दरम्यान असावा. आकडे फारच कमी-जास्त दिसले तर स्वतः रसायने टाकू नयेत. मालकाला कळवावे आणि तो दुरुस्त करीपर्यंत पाण्यात उतरू नये.

लाकडाचा टब पेटवणे

गावाकडे तांब्याचा बंब पेटवलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही चूल परकी वाटणार नाही. बंबासारखाच येथेही पहिला नियम असा की पाणी पुरेसे भरल्याशिवाय जाळ लावायचा नाही. चूल टबाच्या बाहेर असेल, तर तिला दोन नळ्या जोडलेल्या दिसतात. खालच्या नळीतून गार पाणी चुलीभोवती येते, तापून हलके होते आणि वरच्या नळीने टबात परतते. यासाठी पंप लागत नाही. वरची नळी पूर्ण बुडाली नसेल तर हे फिरणे थांबते, चुलीतले पाणी उकळू लागते आणि चूल खराब होते. चूल टबाच्या आतच बसवलेली असेल, तर पाणी मालकाने सांगितलेल्या खुणेपर्यंत आहे ना, हे पाहावे. टब काठोकाठही भरू नये. साठ-सत्तर किलोचा माणूस बसला की तितकेच लिटर पाणी वर सरकते, त्यामुळे चौघे उतरले तर अडीचशे लिटरच्या आसपास पाणी काठावरून वाहून जाईल.

धुरांड्याची झडप आणि चुलीची हवेची खिडकी पूर्ण उघडावी. तळाशी पेटवणाची वडी, तिच्यावर बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या एकमेकींवर आडव्या, आणि त्यांच्यावर मनगटाएवढ्या दोन ढलप्या ठेवून पेटवावे. जाळ धरला की दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन ढलप्या घालीत राहावे. चूल एकदम ठासून भरली तर हवा कोंडते आणि लाकूड नुसते धुमसते. 20 टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेले लाकूड वापरावे. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणाला हीच मर्यादा कायद्याने घातलेली आहे. आसपासच्या रानातून गोळा केलेले ओले लाकूड धूर करते, उष्णता देत नाही, आणि ते उचलायची परवानगीही बहुधा नसते. वरचे गणित आणि वाया जाणारी उष्णता लक्षात घेता एकदा टब तापवायला साधारण 20 किलो कोरडे सरपण लागते, तेव्हा मालक जाळीची एकच लहान पिशवी देणार असेल तर आधीच जास्तीचे मागून ठेवावे.

पाणी तापत असताना झाकण लावलेले ठेवावे, कारण उष्णता सर्वांत जास्त पृष्ठभागावरूनच निघून जाते. दर अर्ध्या तासाने झाकण उचलून लाकडी वल्ह्याने पाणी तळापर्यंत ढवळावे आणि मगच तापमापी पाहावी. न ढवळता पाहिले तर वरचे पाणी कढत आणि पायाशी गार, अशी फसगत होते. पाणी 36 अंशांवर आले की नवे लाकूड घालणे थांबवावे, कारण उरलेल्या निखाऱ्यांवर ते आणखी एक-दोन अंश चढतेच. तरीही जास्त तापले तर झाकण उघडून नळीने विसण घालावे. चुलीवर मात्र कधीही पाणी ओतू नये. तापलेले लोखंड तडकते आणि अंगावर वाफ येते.

तंबूच्या आत किंवा पॉडमध्ये उबेसाठी कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू, विझत आलेला का असेना, कदापि नेऊ नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसांचा त्याने जीव गेल्याच्या घटना ब्रिटनमध्ये घडलेल्या आहेत. आत चूल असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे आणि तो चालतो, हे बटण दाबून पाहावे.

टबात उतरण्याआधी आणि उतरल्यावर

प्रत्येकाने आधी साबण लावून अंघोळ करावी. आपल्याकडे केसांना खोबरेल तेल लावण्याची सवय असते, आणि हेच तेल टबाचे सर्वांत जास्त नुकसान करते: ते पाण्यावर तवंग धरते, क्लोरिन खाऊन टाकते आणि गाळणी बुजवते. त्या दिवशी तेल लावू नये, लावले असल्यास केस धुवावेत आणि वर बांधावेत. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर अभ्यंग आणि उटणे न्हाणीघरातच उरकावे. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात आणि डोके पाण्याखाली घालू नये.

तापमान 40 अंशांच्या वर कधीही असू नये. 37 ते 38 अंश बहुतेकांना सुखावह वाटतात. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे बसावे, मग बाहेर येऊन पाणी प्यावे आणि हवे तर पुन्हा उतरावे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आई-वडिलांना उठताना चक्कर येऊ शकते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, थोडाच वेळ बसावे, आणि बाहेर पडताना कोणीतरी हात धरावा. गरोदर स्त्रियांनी गरम टब टाळावा, असा एनएचएसचाही सल्ला आहे. पाच वर्षांखालील मुलांना टबात नेऊ नये. त्यांहून मोठ्या मुलांसाठी पाणी थोडे कमी तापवून दहा मिनिटांत त्यांना बाहेर काढावे. मद्य घेऊन टबात उतरणे धोक्याचे आहे, कारण त्याने गुंगी येते आणि उष्णतेचा त्रास वेळीच जाणवत नाही.

टबातून निघाल्यावर झाकण लावून त्याचे पट्टे अडकवावेत, आणि लहान मुले असतील तर हे दर वेळी करावे. झाकण माणसाचे वजन पेलत नाही, तेव्हा त्यावर मुलांना बसू देऊ नये. रात्री दहा-अकरानंतर आवाज कमी ठेवण्याचा नियम जवळजवळ सर्वत्र असतो. मोकळ्या दरीत साधे बोलणेही दूरवर ऐकू जाते.

निघताना आणि त्यानंतर

टब रिकामा करणे हे मालकाचे काम आहे. आपण तोटी उघडून क्लोरिनचे पाणी गवतावर किंवा ओढ्यात सोडू नये, त्याने मासे मरतात. चुलीतील राख तशीच राहू द्यावी, कारण वरून विझलेल्या दिसणाऱ्या राखेखाली निखारे बराच वेळ जिवंत असतात आणि प्लॅस्टिकच्या कचरापेटीत पडल्यास आग लागते.

परतल्यावर काही तासांत किंवा पुढच्या काही दिवसांत पोहण्याच्या कपड्यांखालच्या त्वचेवर खाजरे लाल पुरळ उठले, तर ते टबातील जंतूंमुळे असू शकते. ते बहुधा आपोआप बरे होते, मात्र वाढत गेल्यास डॉक्टरांना दाखवावे. पुढील दोन आठवड्यांत ताप, खोकला आणि धाप लागली, तर तो साधा सर्दी-पडशाचा प्रकार समजून घरी थांबू नये. एनएचएसच्या 111 क्रमांकावर फोन करावा, आपण गरम टबात बसलो होतो हे न विसरता सांगावे, आणि जागेच्या मालकालाही कळवावे, म्हणजे नंतरच्या पाहुण्यांना तो वेळेत सावध करू शकेल.